जायच्या आधी एकीला घरी आण

आईला कसं सांगायचं, असं तू मला विचारलंस तेव्हाच कळलं, जायचं तुझ्या मनात पक्कं झालंय. बरं झालं. दहावीनंतर एक वर्ष परदेशात काढायचं, तिथल्या घरात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, असं म्हटलं की आपल्याकडं तीन प्रश्न ठरलेले. "पोरीला एकटीला?" हा पहिला. "वर्ष वाया गेलं की!" हा दुसरा. तिसरा पैशाचा, तो कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण बाबांच्या कपाळावर दिसतो. तिन्हींवर बोलू आपण. पण त्याआधी मला वेगळंच बोलायचंय. परवा तू एवढं भरभरून बोललीस, त्यात विमान होतं, बर्फ होता, नवी शाळा होती. तुझ्या बदल्यात इथं कोण येणार, हे मात्र एकदाही तुझ्या तोंडी आलं नाही.

आणि तिथंच तर सगळी मेख आहे गं. रोटरीचा युथ एक्स्चेंज घे. साधारण पंधरा ते साडेअठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी शंभराच्या आसपास देशांत हा कार्यक्रम चालतो. कोल्हापूर, बेळगाव, गोवा हा आपला सगळा पट्टा रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो. इथला क्लब आपलं मूल पाठवतो आणि तिकडचं एक मूल इथं ठेवून घेतो, असा तो रोखीचा व्यवहार आहे, फक्त पैशाऐवजी माणसांचा. ज्या घरात तू राहशील ते घर तुझ्या राहण्याजेवणाचा एक पैसा घेणार नाही. वर्षभरात तुझी दोन-तीन घरं बदलतील. शाळेचं आणि महिन्याच्या थोड्याफार हातखर्चाचं तिकडचा क्लब बघेल. बाबांच्या खिशातून जाणार ते विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, अर्जाचा खर्च आणि गरम कपडे. रक्कम लहान नाही, पण परदेशातल्या कॉलेजच्या फीचा जो आकडा बाबांच्या डोक्यात बसलाय, त्याच्या जवळपासही ती जात नाही. हे त्यांना कागदावर मांडून दाखव. बाबांना तोंडी सांगितलेलं पटत नाही, लिहिलेलं पटतं.

आता मला सांग, परक्या देशातली एक आई तुझ्यासाठी वर्षभर डबा करणार, तू तापानं फणफणलीस तर रात्री उशाशी बसणार, आणि आपण म्हणायचं की आमच्या घरी जागा नाही? दोन खोल्यांत लग्नाचे पाहुणे मावतात आपल्याकडं. एक मुलगी मावेल की.

मी हे उगीच म्हणत नाही. आपल्या गावाला, कोल्हापूरला, याची सवय आहे, आणि ती फार जुनी आहे. मिरजेच्या गाडीत बसलीस की रुकडीच्या आधी वळिवडे स्टेशन लागतं. आज त्या बाजूला गेलं की गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ दिसते, लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथंच जातो. त्याच जागेवर १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी होती. साधारण पाच हजार माणसं, आणि त्यांत बहुतेक बायका आणि लेकरं. १९४० साली सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. भर फेब्रुवारीत, मालगाडीच्या डब्यात. पुढं जर्मनीनं रशियावर हल्ला केला, राजकारण फिरलं, आणि १९४१ च्या करारानं या लोकांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात भरती झाले. बायका-मुलं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली, तिथून कराची, आणि कराचीहून आपल्याकडं. म्हणजे तुझ्याएवढ्या मुलींनी सैबेरियातून पंचगंगेपर्यंतचा प्रवास केलाय. हातात ना पासपोर्ट, ना परत कधी जायचं याचा पत्ता.

दगडी पायावर, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि कौलांची छपरं अशा लांबच लांब बराकी होत्या. कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा, पुढं ओटा. शाळा पोलिश, अभ्यासक्रम पोलिश, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउट-गाइडची पथकं होती, नाटकं व्हायची. छावणीत आपल्या लोकांची दुकानं होती. आपलं कोल्हापूर तेव्हा काही श्रीमंत नव्हतं, आणि महायुद्धाच्या महागाईत तर कुणीच नव्हतं. तरी या लेकरांचं बालपण इथं झालं, शाळा इथं सुटली. त्यांतली एक मुलगी तर लग्न करून कोल्हापूरच्या घरात सून म्हणून आली आणि इथलीच झाली. १९४८ साली छावणी उठली तशी बाकीची मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी चहूकडं पांगली. आणि त्या रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. एका छपरानं दोनदा बेघर माणसं सांभाळली.

ही पोलिश मुलं पुढं म्हातारी झाली, पण कोल्हापूर विसरली नाहीत. त्यांनी आपली संघटना काढली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ लिहून काढला. महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, तू तिथून शेकडो वेळा सायकल घेऊन गेली असशील. ज्यांचा इथं अंत झाला त्यांच्या कबरीही इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. २०१७ साली वॉर्सात, मोंते कासिनो स्मारकाजवळ, वळिवडे-कोल्हापूर छावणीच्या नावानं स्मारक झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं तेव्हा ऐंशी-नव्वदीकडं झुकलेली ती मंडळी पोलंडहून आणि कुठून कुठून परत आली होती. ज्या गावाला माणसं एवढ्या वर्षांनी माहेरपणाला येतात, त्या गावाची तू मुलगी आहेस. हे रोटरीच्या मुलाखतीत सांग. मुलाखत घेणारे "तू काय घेऊन जाणार?" असं विचारतात तेव्हा मुली दिवाळीचा फराळ आणि भरतनाट्यम सांगून मोकळ्या होतात. तू वळिवडे सांग.

आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले होते. वळिवडे-कोल्हापूर छावणीच्या तिथल्या स्मारकावर त्यांनी फूल वाहिलं, आणि पोलंडमधल्या २० तरुणांना दर वर्षी भारतात बोलवायचा कार्यक्रम तिथं जाहीर केला. त्याला नवानगरच्या जामसाहेबांचं नाव दिलंय. जामनगरजवळ बालाचडीला त्यांनी हजारेक पोलिश मुलांना आसरा दिला होता, वॉर्सात त्यांच्या नावाचा चौकही आहे. नाव योग्यच आहे, त्याबद्दल हेवा करायचं काही कारण नाही. पण मला मनापासून वाटतं, त्या वीस पोरांनी नुसतं दिल्लीत हॉटेलात राहून आग्रा बघून परत जाऊ नये. त्यांना वळिवड्याला आणावं, आठ-पंधरा दिवस इथल्या घराघरांत ठेवावं. आणि आपली वीस पोरं तिकडं जावीत. एकाच बाजूनं येणंजाणं चाललं तर ते निमंत्रण राहतं, नातं होत नाही. तुझ्यासारख्या मुलींनी कॉलेजमधून, मंडळांमधून हे मागितलं पाहिजे. तरुण मंडळांचं गाव आहे हे, गणपतीत एवढी माणसं जमवतो आपण, तर एवढं एक पत्र लिहायला काय हरकत आहे?

घरी मूल ठेवून घेण्याचं मी एवढं का लावून धरलंय, ते सांगते. आमच्या राजारामपुरीच्या घरी ब्राझीलची एक मुलगी राहिली होती. तिच्या देशाच्या ईशान्येची, समुद्राकाठची. पहिले काही दिवस ती फार गप्प असायची. आम्ही तिला अंबाबाईला नेलं, रंकाळ्याला नेलं, पन्हाळा दाखवला, ती "छान" म्हणायची आणि खोलीत जाऊन बसायची. मग एका रविवारी आजोबा तिला कसबा बावड्याकडच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. हिवाळा होता, चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीतला रस आटून घट्ट झाला होता आणि त्याचा तो वास सगळीकडं पसरला होता. ही पोरगी दारातच थबकली. मग पुढं झाली आणि भडाभडा बोलायला लागली, पोर्तुगीजमध्येच. तिच्याकडं असाच ऊस, अशाच कढया, आणि रस आटवून केलेल्या गुळाच्या विटा, त्याला ते रापादुरा म्हणतात. गुळव्यानं काहील उतरवून वाफ्यात ओतली, तशी ती आजोबांशेजारी उकिडवी बसली आणि काटकीनं मातीत चित्रं काढायला लागली: त्यांचा चरक कसा, साचा कसा, ऊस कापायचं हत्यार कसं. आजोबांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नव्हती. तासभर बसले होते दोघं. आजोबांनी घरी आल्यावर मला विचारलं, "त्यांच्यात उसाला टनाला काय भाव मिळतो, विचार की तिला."

त्या दिवसापासून ती घरातली झाली. आणि मला कळलं की परक्या मुलीला आपलं गाव दाखवायचं म्हणजे आपल्याला ज्याचा अभिमान आहे ते दाखवायचं, एवढंच पुरत नाही. तिच्या घराशी जुळणारं काय आहे ते शोधावं लागतं. ते कधी गुऱ्हाळात सापडतं, कधी शाहू स्टेडियमवर. युरोपातलं पोर असलं तर त्याला पाटाकडील आणि दिलबहारचा सामना दाखव. फुटबॉलवर एवढं जीव टाकणारं गाव भारतात आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तर तुझ्याकडं कुणी आली की काही गोष्टी लक्षात ठेव. तिला घराची किल्ली दे आणि खोलीला आतून कडी असू दे. केएमटीच्या बसमध्ये बसायला पहिल्या आठवड्यात शिकव, म्हणजे प्रत्येक वेळी तुझ्या भावाच्या गाडीवर अवलंबून राहायला नको. तांबडा-पांढरा रस्सा तिला आवडेलच असं नाही. पांढऱ्यापासून सुरुवात कर, आणि ती शाकाहारी असेल तर आईला आधीच सांगून ठेव. आग्रह एकदा करायचा, दोनदा करायचा, तिसऱ्यांदा वाटी मागं घ्यायची. प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला तिला मिरवायला नेऊ नको. ओळखीपाळखीची माणसं फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात टाकायला लागली तर तू मधे उभी राहा आणि स्पष्ट नको म्हण, तिला ते म्हणता येत नसतं. तिला भांडी विसळू दे, अंथरूण घालू दे. काम करू न देणं हा आपल्याला पाहुणचार वाटतो, पण महिनोन्महिने नुसतं बसून राहणाऱ्या माणसाला आपण या घरात उपरे आहोत असं वाटायला लागतं. आणि तिला रडू येईल. आलं तर गर्दी करू नका. चहा ठेवा आणि तिच्या आईला फोन लावून द्या.

हे सगळं एकदा घरात घडलं की तुझं जाणं सोपं होईल, आईसाठी आणि तुझ्यासाठीही. आईची भीती कसली आहे? अनोळखी घर. त्या अनोळखी घराच्या जागी ती स्वतः एकदा राहिली, परक्या लेकीची वाट बघत रात्री दार उघडं ठेवून बसली, की तिला दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईचा चेहरा दिसायला लागेल. त्या मुलीच्या आईशी तिचं व्हिडिओवर बोलणं होईल. तिथं तुझी आई आपणहून विचारेल, "आमची गेली तर कुठं राहील?" माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हे असंच झालं.

वर्ष वाया जाण्याचं मात्र खरं आहे, ते लपवू नको. तिकडच्या शाळेतलं वर्ष आपल्या बोर्डाच्या अकरावीत धरलं जाईल असं समजून चालू नको. परत आल्यावर बहुतेकींना अकरावी नव्यानं करावी लागते. जेईई-नीटच्या मागं असशील तर नीट विचार कर. अकरावीच्या मधेच उठून जाण्यापेक्षा दहावी झाल्या झाल्या जाणं बरं, आणि कॉलेजला आधीच भेटून प्रवेशाचं लेखी विचारून ठेव. माझं मत विचारशील तर सतराव्या वर्षी बारावी करायच्या ऐवजी अठराव्या वर्षी केली म्हणून कुणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. नाहीच जमलं तर ही एकच वाट थोडीच आहे? रोटरीचे काही आठवड्यांचे छोटे कार्यक्रम असतात. एएफएस आहे, पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन अँब्युलन्स चालकांनी सुरू केलेली संस्था, दोन महायुद्धं डोळ्यांनी बघून १९४७ पासून ती शाळकरी मुलांची देवाणघेवाण करायला लागली. पदवीनंतर युरोपची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती आहे, तिच्यात दोन-तीन देशांत मिळून एमएससी होते. शिवाजी विद्यापीठातून दक्षिण कोरियाला संशोधनाला गेलेली किती मुलं आपल्या ओळखीत आहेत, त्यांतल्या एखाद्याला घरी बोलावून विचार.

तिथं गेल्यावरचं आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा तू माझं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसशील. रोटरीचे चार नियम आहेत: दारू नाही, नशा नाही, गाडी चालवायची नाही, प्रेमप्रकरण नाही. एखादा मोडलास तर परत पाठवतात. आईला हे चार नियम वाचून दाखव, तिचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडेल. रोज घरी फोन करू नको. आठवड्यातून एक वार ठरव. रोजच्या फोननं तू देहानं तिकडं आणि मनानं इकडं राहशील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नवलाई संपली आणि दिवस लहान झाले की फार उदास वाटतं. तेव्हा परतीच्या तिकिटाचे दर बघत बसू नको, त्या घरात भाकरी कर. पीठ मिळालं नाही तर पिठलं कर. कुणाला तरी काही करून खाऊ घातलं की मन ताळ्यावर येतं.

आणि त्या घरातला, शाळेतला, क्लबातला कुणीही, कितीही मोठा, कितीही गोड बोलणारा असो, त्याच्या वागण्यानं तुला अवघड वाटलं तर त्याच दिवशी सांग. प्रत्येक मुलीसाठी तिकडं एक समुपदेशक नेमलेला असतो, तो यजमान घरातला नसतो, हे मुद्दामच तसं ठेवलंय. घर बदलून मागणं हा तुझा हक्क आहे. "त्यांना काय वाटेल" हे वाक्य इथंच ठेवून जा. पासपोर्ट तुझ्याजवळ ठेव, आणि त्याची प्रत आईकडं आणि माझ्याकडं.

रोज चार ओळी लिही. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी लिहिल्या होत्या. १८७० साली, विशीतले होते ते, इंग्लंडला गेले. इतक्या लांब जाणं तेव्हा धर्माच्या दृष्टीनंही अवघड होतं. त्यांनी तिकडं जे पाहिलं त्याची रोजनिशी ठेवली. परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथं आजही त्यांचा अर्धपुतळा असलेली छत्री आहे आणि शेजारच्या पुलाला लोक 'भारतीयाचा पूल' म्हणूनच ओळखतात. त्यांची ती रोजनिशी १८७२ मध्ये छापली गेली, म्हणूनच आज दीडशे वर्षांनी आपल्याला कळतं की कोल्हापूरच्या एका तरुण मुलाला लंडनची संसद कशी वाटली. तुला काय वाटतंय ते तूही लिहून ठेव, त्या त्या दिवशी. नंतर आठवून लिहिलेलं गुळगुळीत होतं.

आता कामाचं. अर्ज साधारण वर्षभर आधी भरावे लागतात, मुलाखतीला आईबाबांनाही बोलावतात, आणि नियम दर वर्षी थोडे बदलतात, तेव्हा कुणाच्या जुन्या माहितीवर जाऊ नको, क्लबाच्या युथ एक्स्चेंज अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेट. तुला अठरा पूर्ण नाहीत, त्यामुळं पासपोर्टच्या अर्जाला आईबाबा दोघांच्या सह्या लागतील. ते काम आधी उरक. रविवारी सकाळी आईला घेऊन माझ्याकडं ये. नाष्टा करू, नऊ-दहाच्या सुमारास वळिवड्याला जाऊ, स्तंभ बघू, आणि गांधीनगरात तिची साडीची खरेदीही होऊन जाईल. घरात कुणाला ठेवून घ्यायचं ते मी विचारेन तिला. जाण्याचं तू विचार.